वयाची अट

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक फ्लेक्स कायम असतो. सण बदलतो, मागचा रंग बदलतो, माणूस तोच राहतो. ते आमच्या वॉर्डाचे युवा नेते. त्यांच्या मुलाचं लग्न झालं तेव्हा त्याच जागी नवरानवरीचा मोठा फोटो लागला आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'शुभेच्छुक : युवा नेते'. मुलगा संसाराला लागला तरी बाप अजून युवकच होता. कामावर जाताना मी रोज त्या फ्लेक्सखालून जायची आणि मनातल्या मनात त्यांना नमस्कार करायची. माणूस एवढी वर्षं तरुण राहतो म्हणजे काहीतरी साधना असणारच.

पण मला तरी हसायचा काय अधिकार? सोलापुरातल्या सरकारी कार्यक्रमांतली युवक प्रतिनिधी म्हणजे मीच. मतदार जागृतीची फेरी असो, घोषवाक्यांची स्पर्धा असो, तरुणांशी संवाद असो, ऑफिसातून फोन मलाच यायचा. "ताई, तुम्ही येताय ना? आणि येताना चार पोरं घेऊन या." चार पोरं आणायची कुठून? माझ्या वर्गातली सगळी एकेक करून पुण्याला गेली. कुणी कंपनीत लागलं, कुणाचं लग्न तिकडं ठरलं, कुणी नुसतंच 'बघू काहीतरी' म्हणत गेलं आणि तिकडचंच झालं. सणाला येतात, हुरडा खातात, शेंगाचटणीचे डबे भरतात आणि परत जातात. मोबाइलवर आमचा ग्रुप आहे. त्यात पुण्यातल्या ट्रॅफिकचे फोटो असतात. मागच्या निवडणुकीला मी आठवडाभर आधीपासून सगळ्यांना लिहीत होते की मतदानाला या, नावं अजून इथंच आहेत. मतदानाच्या दिवशी शाई लावलेल्या बोटाचा फोटो मी एकटीनंच टाकला. खाली सगळ्यांचे अंगठे आले. मतदान केंद्रावर मात्र कुणी आलं नाही.

मी का गेले नाही, असं लोक विचारतात. सुरुवातीला वडिलांचं, आप्पांचं आजारपण होतं. आप्पा गेले, मग अव्वा भावाकडे पुण्याला गेली. आमच्या घरात आईला अव्वाच म्हणतात, अर्धं बोलणं कन्नडमध्येच चालतं. म्हणजे चालायचं. आता कन्नड बोलायला घरात कुणी नाही. भाऊ फोनवर म्हणतो, "तिथं बसून काय करतेस? ये इकडं." मी म्हणते, येते. त्याला माहीत आहे की मी येणार नाही आणि मला माहीत आहे की त्याच्या दोन खोल्यांत मला जागा नाही. एकमेकांना लाज वाटू नये म्हणून आम्ही दोघं हे नाटक दर रविवारी करतो.

एका टॉवेलच्या व्यापाऱ्याकडे मी ऑफिसचं काम करते. मालाचे फोटो काढायचे, गिऱ्हाइकांच्या मेलना उत्तरं द्यायची. साडेचारला सुटते. साडेचारला सुटलेल्या एकट्या बाईचं पुढं काय करायचं, हे कुठल्याच धोरणात लिहिलेलं नाही. घरी गेलं की कुलूप. कुलूप उघडलं की फ्रिजचा आवाज. म्हणून मी अभ्यासिकेत जायची.

अभ्यासिका म्हणजे महापालिकेच्या जुन्या दवाखान्यावरची खोली. जिन्यापाशी चपला काढायच्या. आत दोन लांब टेबलं आणि एकमेकींशी नातं नसलेल्या खुर्च्या. मुलींसाठी होती, पण तसा नियम कुठं लिहिलेला नव्हता. मुलगे येत नव्हते म्हणून ती मुलींची झाली होती. खिडकीजवळची खुर्ची माझी. स्पर्धा परीक्षेचं एक जाडजूड पुस्तक मी समोर उघडून ठेवायची. खरं सांगायचं तर अभ्यास मी केव्हाच सोडला होता. पुस्तक म्हणजे तिथं बसायचं तिकीट होतं. मला पानं उलटल्याचा आवाज हवा असायचा. कुणीतरी हळूच पेन मागितलेलं हवं असायचं. मुली मला अक्का म्हणायच्या. मराठी मुली, कन्नड मुली, यंत्रमागवाल्या घरातल्या तेलुगू मुली, सगळ्यांना तो शब्द आपलाच वाटायचा. "अक्का, ह्याचं उत्तर असं कसं आलं?" मला निम्म्या वेळा माहीत नसायचं. तरी मी पुस्तक ओढून घ्यायची आणि आम्ही दोघी मिळून चुकायचो. दिवसभरात माझ्याशी कामाशिवाय कुणी बोललं असेल, तर ते तिथंच.

सहा वाजले की अभ्यासिकेच्या शिपाई मावशी किल्ल्या वाजवायला लागायच्या. त्यांची ड्युटी सहापर्यंतच होती, त्यांचाही दोष नव्हता. पण सहाला मुली घरी जाऊन करणार काय? त्यातल्या कितीतरींच्या घरात रात्रीपर्यंत माग चालतो. खटखट आवाजात आणि एकाच खोलीत सगळं घर. एक मुलगी मंद्रूपची होती. पोलीस भरतीची तयारी करायची. आठवडाभर शहरात आत्याकडे राहायची आणि शनिवारी गावी जायची. ती म्हणायची, "अक्का, नऊपर्यंत उघडं पायजे की. सहाला डोकं कुटं चालू होतंय, तवर ह्यांचं कुलूप." मी म्हणायची, बघते. बघते म्हणायची मला सवयच लागली होती, कारण या शहरातली युवक प्रतिनिधी मीच होते.

हे असं चाललेलं असताना कळलं की आमच्या युवा नेत्यांनी त्या खोलीसाठी अर्ज केलाय. 'युवक संपर्क कार्यालय' करायचं म्हणे. वॉर्ड ऑफिसातला माणूस मला म्हणाला, "सहानंतर रिकामीच असते की ताई. आन् दिवसा तरी किती पोरी येतात?" मी विचारलं, "आणि आहेत त्या मुली कुठं जातील?" तो म्हणाला, "नेते चांगले हायत. बसू देतील एका बाजूला." मला त्या रात्री जेवण गेलं नाही. मुलींची काळजी होती हे खरंच, पण आधी माझीच होती. साडेचार ते सहा हा माझ्या दिवसातला एकमेव तुकडा होता आणि तो जाणार होता.

मी जिल्ह्याच्या युवक ऑफिसात गेले. तिथले साहेब नवे, विदर्भाकडून बदलून आलेले, सरळ माणूस. त्यांनी सांगितलं, एकटीनं येऊन काही होत नाही. पण राष्ट्रीय युवा धोरणाच्या नव्या मसुद्यावर तरुणांचं म्हणणं घ्यायचंय, त्यासाठी युवा सप्ताहात संवाद ठेवलाय. त्यात मुलामुलींनी स्वतः मागणी मांडली, इतिवृत्तात आली, तर खोली वाचवायला शिफारस करता येईल, संध्याकाळी राखणीला माणूसही देता येईल. "फक्त तरुण दिसले पाहिजेत हो. मागच्या वेळचे फोटो बघितले मी. सगळ्यांत तुम्हीच आहात."

मग त्यांनी तारीख सांगितली. मी म्हटलं, "साहेब, त्या दिवशी गड्डा आहे. नंदीध्वज निघतात." ते म्हणाले, "म्हणजे?" आता बाहेरच्या माणसाला काय सांगायचं? गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा. तिच्यात ते उंचच्या उंच ध्वज पेलायला आमची पोरं महिनाभर आधीपासून सराव करतात. कुणी कुठल्या चौकात खांदेपालट करायची, कुणाला पहिला मान, यावर तासन्‌तास बोलतात, भांडतात, शेवटी सगळ्यांना पटेल ते ठरवतात. त्या दिवशी अख्ख्या शहरातली पोरं पांढरी बाराबंदी घालून रस्त्यावर असतात. त्या दिवशी तरुणांना सभागृहात बोलवायचं म्हणजे लग्नाच्या दिवशी नवरदेवाला तालुक्याला कागद आणायला पाठवायचं. मी हे सगळं सांगितलं. साहेब कारकुनाकडे बघायला लागले. कारकून आमच्याच बाळीवेशीतला. त्याला हे पहिल्यापासून माहीत होतं, आणि त्यानं स्वतःची रजा कधीच टाकून ठेवली होती. "वरून परिपत्रक आलं त्यात तारीख होती," तो म्हणाला, "म्हणून कुणी काही बोललं न्हाई." सगळं ऑफिस सोलापूरचं, आणि एकानंही तोंड उघडलं नाही. तरुणांनी बोलतं व्हावं म्हणून ठेवलेल्या कार्यक्रमाची ही तयारी. मला इतका राग आला की हसू आलं. तारीख बदलता येणार नव्हती, निमंत्रणं गेली होती.

मुलगे येणार नाहीत हे ठरलेलंच. राहिल्या मुली. पण यात्रेच्या दिवशी मुली घरातून सुटतील कशा? घरोघरी पाहुणे. अक्कलकोटकडून, इंडीकडून, खेड्यांतून माणसं आलेली. रस्त्यावर पोरं ध्वज पेलतात आणि घरात पोरी पोळपाट. मंद्रूपच्या मुलीला मी विचारलं. ती म्हणाली, "अक्का, आत्याकडं लई पाव्हणं हायत. भाकरीला मीच हाय. जमल असं वाटत न्हाई." मी प्रत्येकीला विचारलं. प्रत्येकीनं मान खाली घालून हेच सांगितलं. मी कुणाला रागावले नाही. घरी येऊन मात्र त्या सगळ्यांवर मनातल्या मनात खूप ओरडले, आणि मग रडले. एवढ्या वर्षांत मला पहिल्यांदा खरंच कुणीतरी हवं होतं, आणि तेव्हाही मी एकटीच होते.

संवादाच्या दिवशी सभागृहात खुर्च्यांच्या रांगा होत्या, 'युवा संवाद' असा बॅनर होता, साहेब होते, माइकवाला होता आणि मी होते. पहिल्या रांगेत, अगदी मधोमध, आमचे युवा नेते. बाराबंदी, डोक्याला फेटा, मिरवणुकीत तोंड दाखवून आलेले. मला बघून उठून उभे राहिले. माणूस रीतीचा, हे नाकारता येत नाही. "या ताई. बरं झालं आलात. तरुण पिढी पुढं आलीच पायजे." त्यांनी मागं वळून रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं आणि समाधानानं बसले. बाहेरून हलग्यांचा आवाज येत होता, जयजयकार येत होता. सगळं शहर तिथं होतं. आत पंखे फिरत होते. साहेबांनी माझ्याकडे दोनदा पाहिलं. मी दाराकडे पाहत राहिले. सुरू करूया का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, थोडं थांबा. का थांबायचं, ते मलाही सांगता आलं नसतं.

आणि मग त्या आल्या. आधी मागवाल्या घरातल्या दोघी, धापा टाकत. मग आणखी तिघी. मग मंद्रूपची, हाताला पीठ तसंच. "भाकऱ्या झाल्या की पळाले," ती म्हणाली. "आत्याला सांगितलं, ध्वज बघायला चाललेय." सगळ्यांनी घरी तेच सांगितलं होतं. ध्वज बघायला म्हणून निघालेल्या मुली दोन रांगा भरून बसल्या. कधी नव्हे ते त्या सभागृहात नुसत्या मुली होत्या, कारण मुलगे सगळे रस्त्यावर होते. मला काय वाटलं ते सांगायला मोठा शब्द लागतो आणि मला तो सापडत नाही. मी फार आनंदात होते, एवढंच.

मंद्रूपची मुलगी माइकपाशी गेली. माइक तिला उंच होता. "सायेब, आमाला दुसरं काय बी नको," ती म्हणाली. "मत द्या, मत द्या म्हून सगळी सांगतात. देतो की. पण आमाला बसायला जागा न्हाई. घरात न्हाई, भाईर बी न्हाई. ती खोली आमाला ऱ्हावू द्या आन् नऊपर्यंत उघडी ठेवा. आमी काय पुण्याला जाणार न्हाई. हितंच अभ्यास करणार." ती खाली बसली तेव्हा सगळ्यांच्या आधी साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

मग युवा नेते उठले. ते म्हणाले, मुलींच्या भावना रास्त आहेत, संपर्क कार्यालयात मुलींना एक बाजू नक्की देऊ, शेवटी आपण सगळे युवकच. मुलींचे चेहरे पडले. साहेबांनी मला पुढं बोलावलं आणि विचारलं, मागणी नेमकी कशी लिहू? मी म्हटलं, "लिहा, खोली फक्त मुलींसाठी." नेते हसून म्हणाले, "ताई, असा भेदभाव कसा चालेल? युवक म्हटलं की सगळे आले." साहेब म्हणाले, "फक्त युवतींसाठी म्हणता येईल, पण मग वयाची व्याख्या लागेल. राज्याच्या धोरणात पस्तीसपर्यंत आहे, केंद्राच्या एकोणतीसपर्यंत. कोणती घालू?"

नेते लगेच म्हणाले, "पस्तीस घाला. आमच्या भगिनी मंडळाच्या ताईंना पण येता येईल मग. त्यांचं कार्यालय होईल." भगिनी मंडळ म्हणजे त्यांची सून आणि तिच्या मैत्रिणी, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. सून बत्तीसची असेल. मला लख्ख दिसलं, पस्तीस लिहिलं की खोली मागच्या दारानं त्यांच्याच घरात जाते. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "एकोणतीस."

साहेबांनी पेन थांबवलं. "नक्की? नंतर बदलता येणार नाही."

"घालाच," मी म्हटलं. "आणि दारावर पाटी लावा. कार्ड बघितल्याशिवाय कुणाला आत सोडू नका."

मुलींनी टाळ्या वाजवल्या. मंद्रूपची मुलगी मात्र वाजवत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, तिला घरी जायची घाई आहे. माझं वय मला माहीत नव्हतं असं नाही. त्या चैत्रात मला तीस पूर्ण होणार होती. पण इतकी वर्षं या शहरात युवक म्हणून मलाच बोलावलं होतं, प्रत्येक व्यासपीठावर मलाच बसवलं होतं. ती अट मलाही लागू होईल, हे डोक्यातच आलं नाही. मला समोर फक्त तो फेटा दिसत होता.

काम झालं. सरकारी कामं होतात तशी रखडत रखडत झालं, पण झालं. मधे महिनाभर खोली रंगरंगोटीसाठी बंद होती. ते दिवस मी कसेबसे काढले. ऑफिसातून सुटले की होम मैदानापर्यंत उगाच चालत जायची आणि परत यायची. वाढदिवसाला अव्वाचा फोन आला. ग्रुपवर केकची चित्रं आली. भाऊ म्हणाला, "तिशी लागली, आता तरी ये." मी म्हटलं, येते. आणि मनात म्हटलं, सोमवारी अभ्यासिका उघडतेय.

सोमवारी गल्लीच्या तोंडाशी नवा फ्लेक्स होता. 'यांच्या अथक प्रयत्नांतून युवतींसाठी अभ्यासिका', आणि फोटो आपला तोच. मला रागही आला नाही. नमस्कार करून पुढं गेले. भिंतींचा नवा रंग खालूनच दिसत होता. जिन्यापाशी चपलांची रांग लागली होती. मी माझ्या चपला काढल्या आणि जाडजूड पुस्तक छातीशी धरून वर गेले.

दाराशी नव्या बाई होत्या, अंगात राखणीचा निळा गणवेश. त्यांच्या डोक्यावर पाटी होती. 'फक्त युवतींसाठी. वय १५ ते २९. ओळखपत्र आवश्यक.' वाक्य माझंच होतं. मी आधार कार्ड दिलं. त्यांनी ते बघितलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि परत दिलं. बिचाऱ्यांना वाईट वाटलं असावं.

"मॅडम, तुमचं न्हाई बसत की ह्यात," त्या म्हणाल्या. "कुणाला न्यायला आलाय का?"

मी तोंड उघडलं. मी कोण आहे, ही पाटी कुणामुळं लागली, ते सगळं ओठांवर आलं होतं. पण माझ्यासाठी एकदा दार उघडलं की उद्या भगिनी मंडळासाठी उघडावं लागणार. ते मीच सभागृहात सांगून आले होते, मोठ्या आवाजात.

"नाही," मी म्हटलं. "नुसतं बघायला आले होते."

दार अर्धं उघडं होतं. आत ट्यूब लागल्या होत्या. सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या, फक्त खिडकीजवळची एक रिकामी होती. तिच्यावर मंद्रूपच्या मुलीची पिशवी ठेवलेली होती. एक नवी मुलगी तिथं बसायला गेली तर तिनं हात आडवा घातला.

"हितं नको बसू. अक्का यायची हाय."

मी दारातून बाजूला झाले. तिला दिसले असते तर ती उठून आली असती, बाईंशी भांडली असती, आणि मी कदाचित आत गेलेही असते. म्हणून मी पाय न वाजवता जिना उतरले, चपलांच्या रांगेतून माझ्या चपला शोधल्या आणि घरी आले.

ती जागा तिनं किती दिवस धरून ठेवली, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.